ख्रिस्ती नीतीचा अभ्यास कुठून सुरू करावा, आणि नोकरी सांभाळून ती पाळायची कशी?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. ख्रिस्ती नीतीचा अभ्यास कुठून सुरू करायचा, आणि विमा विकण्याच्या नोकरीत, महिनाअखेरीच्या टार्गेटखाली, ती पाळायची कशी. तुम्ही ख्रिस्ती नाही, आणि बायबल पहिल्या पानापासून वाचायला घेऊन लेवीयच्या पुस्तकापाशी (बायबलमधलं तिसरं, नियमांनी भरलेलं पुस्तक) थांबलात, हेही लिहिलंय. तिथे बहुतेक सगळेच थांबतात. (पुढे मी तुम्हाला तिथेच परत पाठवणार आहे, पण थोड्या वेळानं.) माझ्याबद्दल सांगायचं तर मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही. नगरला हिशेबाचं काम करतो आणि आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तरुणांचा बायबल वर्ग घेतो.

माझ्या मते लूकच्या शुभवर्तमानाचा (मत्तय, लूक, योहान अशी येशूच्या चरित्राची पुस्तकं बायबलमध्ये आहेत, त्यांतलं हे एक) तिसरा अध्याय काढा, दहाव्या वचनापासून. तुमचाच प्रश्न तिथे विचारलेला आहे. बाप्तिस्मा करणारा योहान लोकांना पश्चात्ताप करा म्हणून बजावतोय, आणि लोक म्हणतात, बरं, मग आम्ही करायचं काय? तो ज्याला त्याला वेगळं उत्तर देतो. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्यानं एक नसलेल्याला द्यावा. जकातदारांनी ठरलंय त्यापेक्षा जास्त वसूल करू नये. शिपायांनी धाकदपटशानं किंवा खोटा आळ घेऊन कुणाकडून पैसे उकळू नयेत, पगारात भागवावं. जकातदार म्हणजे कर वसूल करणारा, त्या काळी सर्वांत बदनाम माणूस. पण योहान त्याला धंदा सोड म्हणत नाही. धंद्यात हात मारायची जागा जिथे असते, नेमकं तिथे बोट ठेवतो. मी या विषयावर जे काही वाचलंय त्यातलं मला सर्वांत उपयोगी पडलेलं हेच आहे: ‘आम्ही काय करावं’ हा प्रश्न आपल्या धंद्याचं नाव घालून विचारायचा.

मग मत्तयचे पाच ते सात हे तीन अध्याय, म्हणजे डोंगरावरचं प्रवचन. एका बैठकीत वाचा, अर्ध्या तासाच्या आत होतं. गांधीजींना ते किती प्रिय होतं हे तुम्हाला माहीत असेलच. त्यात ‘तुमचं होय ते होय असावं आणि नाही ते नाही’ असं एक वाक्य आहे. विमा विकणाऱ्याला एवढं एक वाक्य वर्षभर पुरेल. ‘काका, हे एफडीसारखंच आहे’ असं तुमच्या धंद्यात सर्रास म्हटलं जातं. हप्ते किती वर्षं भरावे लागतील, मधेच सोडलं तर हातात किती कमी येईल, पॉलिसी मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत ती परत करता येते, हे तीन मुद्दे समोरच्यानं विचारायच्या आधी तुम्ही सांगितलेत की तुमचं होय ते होय झालं. यातला एकही मुद्दा दडवला तर प्रत्येक वाक्य सुटं सुटं खरं असूनही गिऱ्हाईक फसतं.

टार्गेट कमी भरेल का? भरेल, काही महिने तरी. येशूनं कुठेही सांगितलेलं नाही की खरं बोललात तर बढती मिळेल. उलट लूकच्या चौदाव्या अध्यायात तो म्हणतो, बुरूज बांधायचा असेल तर आधी बसून खर्चाचा हिशेब करा, नाहीतर पाया घालून काम अडेल आणि लोक हसतील. म्हणून घरी बसून आकडा काढा: इन्सेंटिव्ह किती बुडेल, घर त्यात चालेल का, किती महिने. तो आकडा घरच्यांपुढे ठेवा. हे न करता भावनेच्या भरात ‘उद्यापासून शंभर टक्के खरं’ ठरवणारी तरुण मुलं मी वर्गात पाहतो, आणि त्यांचा निश्चय तिमाही संपायच्या आत विरतो.

आता लेवीय. एकोणिसावा अध्याय तेवढा वाचा. ‘शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ हे येशूनं उद्धृत केलेलं वाक्य मुळात तिथलं आहे, आणि त्याच्या आजूबाजूला काय आहे बघा. मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नका. शेताच्या कडेकोपऱ्यातलं पीक कापू नका, गरिबाला आणि परक्याला राहू द्या. तराजू खरा, वजनं खरी, माप खरं. शेजाऱ्यावरची प्रीती तिथे मजुरीत, बांधावर आणि काट्यावर मोजली जाते. आपल्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशींचा पगार ‘सुट्टे नाहीत, उद्या बघू’ म्हणून पुढे ढकलणारी, रविवारी न चुकता उपासनेला येणारी माणसं आहेत. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय त्यांच्यासाठीच लिहिल्यासारखा आहे. तिथे अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते.

जक्कयची गोष्ट (लूक 19) लहान मुलांना झाडावर चढलेल्या बुटक्या माणसाची म्हणून सांगतात आणि मुख्य भाग राहून जातो. हा जकातदारांचा मुखिया येशू घरी आल्यावर म्हणतो, माझी अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला मी लुबाडलं असेल त्याला चौपट परत. हिशेबनीस म्हणून मला यातला फरक फार आवडतो. फसवणूक स्वतः कबूल करणाऱ्यानं मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, असं मोशेचं नियमशास्त्र सांगतं. चौपटीचा दंड चोरलेलं मेंढरू कापणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला होता. जक्कय स्वतःला चोराचा दर लावतो. आणि या घराचा उद्धार झाला असं येशू म्हणतो ते हा हिशेब ऐकल्यावर. तुम्ही मागे एखाद्या आजोबांना चुकीची पॉलिसी गळ्यात मारली असेल, तर प्रार्थना करा जरूर, पण आधी त्यांना फोन करून काय करता येईल ते बघा.

हाच क्रम डोंगरावरच्या प्रवचनातही आहे. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. ऐकणारे गालीलातले होते आणि वेदी यरुशलेमेत, म्हणजे शंभराहून जास्त किलोमीटर, पायी कित्येक दिवस. एवढं चालून आलेल्या माणसाला तो परत पाठवतोय! समेट करायचा कसा, तेही मत्तयच्या अठराव्या अध्यायात आहे: आधी तू आणि तो, दोघंच असताना बोल. ऐकलं नाही तर एकदोघांना घेऊन जा. मंडळीपुढे शेवटी. आपण हल्ली सुरुवातच कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर करतो.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल: लुटारूंनी मारून वाटेत टाकलेल्या माणसाला एक शोमरोनी, म्हणजे यहूद्यांना परका वाटणारा माणूस, उचलून उतारशाळेत नेतो. वाचताना फक्त पैशांकडे लक्ष द्या. तो उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार देतो, दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची कमाई. वर सांगतो, जास्त खर्च झाला तर परत येताना भागवीन. मदतीत पैसा आहे, वेळ आहे, आणि पुन्हा येऊन चौकशी करण्याची जबाबदारीही आहे. अपघाताचा फोटो फॉरवर्ड करण्यात यातलं काहीच नसतं.

पुस्तकातलं जगण्यात कसं उतरतं हे महाराष्ट्रातच बघायचं असेल तर पंडिता रमाबाईंकडे बघा. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या सिस्टर मंडळींकडे राहिल्या आणि त्याच वर्षी बाप्तिस्मा घेतला. लंडनजवळ फुलहॅमला या सिस्टर मंडळींचं एक घर होतं, समाजानं वाईट ठरवून टाकलेल्या बायकांसाठी. शास्त्रांत पंडिता असलेल्या रमाबाईंना असलं काही पहिल्यांदाच दिसत होतं. तुम्ही हे का करता, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल एका सिस्टरनं त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली: पाच नवरे झालेली बाई, भर दुपारी एकटी पाण्याला आलेली, आणि येशू तिच्याकडे पाणी मागतो, तिच्याशी धर्माची चर्चा करतो.

पुढचं सगळं त्या एका वाचनातूनच आलं असं मी म्हणणार नाही. बाईंचं स्वतःचं आयुष्य, दुष्काळात आईवडील गमावणं, तरुणपणीचं वैधव्य, हे सगळं त्यामागे होतं. पण 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं, पुढल्या वर्षी ते पुण्यात आलं. 1896-97 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, आणि तिथे फुलहॅमसारखंच एक घर, कृपा सदन. मुली तिथे शेती, विणकाम, छपाई शिकल्या. बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणलं, ते मुक्तीच्याच छापखान्यात छापलं गेलं. 1922 साली गेल्या तेव्हा ते काम नुकतंच हातावेगळं झालं होतं.

या बाईंनी आपल्या ख्रिस्ती गुरूंचंही निमूट ऐकलं नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार वाचा. त्रैक्यापासून (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, ही शिकवण) चर्चच्या अधिकारापर्यंत त्या हट्टानं वाद घालतात, स्वतःची सदसद्विवेकबुद्धी कुणाकडे गहाण ठेवायला तयार होत नाहीत. अभ्यास करायचा तर असा. बायबलचा आधार घेऊन माणसांनी गुलामगिरीचंसुद्धा समर्थन केलंय, आणि 1807 साली ब्रिटनमध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी आणण्यासाठी झगडणारा विल्यम विल्बरफोर्सही बायबलच वाचत होता. सुटं वचन हातात घेतलं की त्यातून काहीही काढता येतं.

‘दुसरा गाल पुढे कर’ हे त्यातलं सर्वांत वाईट उदाहरण. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला हे वचन ऐकवणारे लोक मला माहीत आहेत, आणि ते ऐकलं की मला संताप येतो. महायाजकापुढे, म्हणजे यहूद्यांच्या मुख्य पुजाऱ्यापुढे, चौकशी चालू असताना एका शिपायानं येशूच्या थोबाडीत मारली, तेव्हा त्यानं दुसरा गाल पुढे केला नाही. ‘मी चुकीचं बोललो असेन तर दाखवून दे, बरोबर बोललो असेन तर मारतोस का?’ असं विचारलं (योहान 18). क्षमा करणं म्हणजे मार खात राहणं नव्हे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध 2005 चा कायदा आहे, तो वापरणाऱ्या बाईची क्षमा कमी पडली असं म्हणायचा अधिकार कुणालाही नाही.

तुम्ही बाहेरून बघताय, म्हणून आमच्या घरातलंही सांगतो, नाहीतर पुढे मागे तुम्हीच विचाराल. गलतीकरांच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पेत्र अंत्युखिया शहरात परजातीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असतो, आणि यरुशलेमेकडची कर्मठ मंडळी आल्यावर भिऊन पंगतीतून उठतो. हे पत्र लिहिणारा पौल त्याला सगळ्यांसमोर सुनावतो. पेत्र म्हणजे येशूचा पहिल्या फळीतला शिष्य, पण मुलाहिजा नाही. पुढच्याच अध्यायात ‘यहूदी आणि ग्रीक, दास आणि स्वतंत्र असा भेद नाही’ हे वाक्य येतं. ते आम्ही चर्चमध्ये वाचतो आणि मुलीसाठी स्थळ बघताना ‘मूळचे कुठले?’ असं हळूच विचारतो. पंगत एक झाली, सोयरीक अजून नाही. जो ख्रिस्ती माणूस तुम्हाला सांगेल की आमच्यात जात नाही, त्याला त्याच्या घरातल्या शेवटच्या दोन लग्नांबद्दल विचारा.

रोजच्या सवयीबद्दल एक सुचवतो, जरी ती कॅथलिकांची आहे आणि मी प्रॉटेस्टंट. इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात आपल्या येशूसंघीयांना (जेझुइट संन्याशांना) दिवसातून दोनदा आत्मपरीक्षण करायला लावलं. रात्री पाच-दहा मिनिटं पुरतात. आधी दिवसभरात जे चांगलं मिळालं त्याचे आभार, मग सकाळपासून दिवस डोळ्यांखालून घालायचा, कुठे घसरलं ते बघायचं, क्षमा मागायची, आणि उद्याची एक ठरावीक गोष्ट ठरवायची. आभार आधी, हे सोडू नका. नाहीतर रोज रात्री स्वतःला फटके मारत बसण्याची खोड लागते आणि आठवड्याभरात माणूस कंटाळतो. तुमचा देवावर विश्वास नसला तरी यातलं बरंचसं जमण्यासारखं आहे. पौल रोमकरांच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात म्हणतोच की ज्यांच्याकडे नियमशास्त्र नाही त्यांच्याही अंतःकरणावर ते लिहिलेलं असतं.

तत्त्वज्ञानाच्या अंगानं जायचं असेल तर नंतर थॉमस अक्विनास (तेराव्या शतकातले) घ्या. सद्गुण ही सवय आहे, करत करत अंगात मुरते, हे अॅरिस्टॉटलचं म्हणणं त्यांनी ख्रिस्ती विचारात आणलं. पण पहिल्या सहा महिन्यांत नको.

बायबल कुठलं घ्यावं, असंही तुम्ही विचारलंय. बायबल सोसायटीचं ‘पवित्र शास्त्र’ बहुतेक मंडळ्यांत वाचलं जातं, भाषा जुनी आहे पण कानाला गोड. ती जड गेली तर वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी सोप्या मराठीत केलेलं भाषांतर घ्या, त्यात टिपाही आहेत. मत्तय 5 ते 7, मग सबंध लूक, मग याकोबाचं पत्र, या क्रमानं जा. प्रकटीकरणाला, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकाला, तूर्त हात लावू नका. आणि एकट्यानं वाचू नका, गावातल्या एखाद्या मंडळीचा आठवड्याचा अभ्यासवर्ग असतो, तिथे बिगरख्रिस्ती माणसालाही बसू देतात. कुणी लगेच बाप्तिस्म्याचा विषय काढला तर सध्या अभ्यास करतोय असं सरळ सांगा. आमच्या वर्गात तरी तेवढ्यावर कुणी रागावत नाही.