"डिजिटल येतं, अ‍ॅनालॉग येत नाही"

"मॅडम, माझी शाखाच चुकली." ई अँड टीसीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन शाखेच्या दुसऱ्या वर्षाची ती मुलगी खुर्चीत नीट बसायच्या आधीच म्हणाली. डिजिटलमध्ये उत्तम मार्क, अ‍ॅनालॉगमध्ये केटी, म्हणजे नापास, पेपर पुन्हा द्यायचा. के-मॅप, फ्लिप-फ्लॉप अशी 0 आणि 1 ची गणितं झटपट सोडवायची, पण ट्रान्झिस्टरचं गणित आलं की हात गार पडायचे. कॉम्प्युटर शाखा मिळेल का, हे विचारायला आली होती. तिसऱ्या सेमिस्टरचा निकाल लागला की हाच प्रश्न घेऊन दरवर्षी कुणी ना कुणी येतंच.

समुपदेशनाकडे वळण्याआधी मी हा विषय शिकवलाय, म्हणून तिची जर्नल मागवली. सगळी रीडिंग्ज थिअरीशी तंतोतंत जुळत होती, आणि तिथेच मला शंका आली. हळूहळू विचारलं तेव्हा तिला रडू फुटलं. मीटरवर आकडा वेगळा यायचा, आपलंच चुकलं असं वाटायचं, मग मैत्रिणीच्या जर्नलमधून उतरवून काढायची. शाळेत गणितात पैकीच्या पैकी मिळवणारी पोर. उत्तर एकतर बरोबर नाहीतर चूक, एवढंच तिला ठाऊक. तिच्या बुद्धीत काही कमी नव्हतं. 'जवळपास' हेही उत्तर असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी तिला लॅबमध्ये नेलं. ब्रेडबोर्डवर बीसी 547 हा ट्रान्झिस्टर, वर 12 व्होल्ट. त्याच्या तीन पायांपैकी बेसला 47 के (किलो-ओहम) आणि 10 केच्या रेझिस्टरचा, व्होल्ट वाटून देणारा डिव्हायडर, कलेक्टरला 3.3 के, एमिटरला 1 के. "कॅल्क्युलेटर बाजूला ठेव, अंदाज सांग." बराच वेळ गप्प. मग म्हणाली, बेसवर साधारण 2.1, त्यातून बेस-एमिटरमध्ये 0.7 गेले, एमिटरवर 1.4, म्हणजे करंट 1.4 मिलिअँपिअर, कलेक्टरवर 7.4 व्होल्ट. मीटरने दाखवले 7.6. तिचा चेहरा पडला.

"अगं, रेझिस्टरवरचा सोनेरी पट्टा बघ. 5 टक्के इकडेतिकडे. तुझं उत्तर बरोबर आहे."

मग तिलाच ट्रान्झिस्टर बदलायला लावले, एकामागून एक तीन. बीसी 547 चा बीटा, म्हणजे बेसचा करंट तो किती पट करतो तो आकडा, 110 ते 800 मध्ये कुठेही असू शकतो, तरी कलेक्टरवरचे व्होल्ट फारसे हलले नाहीत. "म्हणजे बीटा नक्की माहीत नसला तरी चालावं, म्हणून हे असं जोडलंय?" तिने विचारलं. हे पुस्तकात असतंच. पण स्वतःच्या हातांनी दिसणं वेगळं.

तिच्या लाडक्या 7400 या डिजिटल चिपचंही बोललो. आत ट्रान्झिस्टरच. इनपुटला 0.8 व्होल्टपर्यंत काहीही आलं तरी तो 0 धरतो, 2 च्या वर गेलं की 1. तिला आवडणारा तो नेमकेपणा कुणीतरी अशीच ढिलाई ठेवून मिळवलेला आहे.

शाखा बदलायचा अर्ज एक सेमिस्टर थांबव, एवढंच मी सुचवलं. एका केटीवरून शाखा ठरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी अंदाज, मग मोजणं, आणि फरक का पडला त्याची एक ओळ, अशी वही तिने घातली. खरे आकडे जर्नलमध्ये लिहायची पहिल्यांदा भीती वाटली. व्हायवात बोलताना आवाज कापला. केटी सुटली, मार्क बेताचेच आले.

परवा जिन्यात भेटली, थांबून विचारते, "मॅडम, एमिटरचा कपॅसिटर काढला तर गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा होतो ते, दीडशेच्या वरून एकदम 3 वर का येतो?" लेक्चरला उशीर होत होता, तरी आम्ही तिथेच पायरीवर बसलो.