वाचकांचे प्रश्न : लाल खडकांच्या मुलखात एक दिवस

प्रश्न : आम्ही दोघे, वय चौसष्ट आणि एकसष्ट, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मुलाकडे अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला जात आहोत. युटा राज्याच्या दक्षिणेकडील वाळवंटी दऱ्या आणि लाल कडे पाहावेत, अशी फार दिवसांची इच्छा आहे. मुलाला दोन रात्रींचा मुक्काम आणि मधला एक पूर्ण दिवस एवढीच सवड आहे. त्या एका दिवसात त्याने ब्राइस कॅन्यन, मॉन्युमेंट व्हॅली आणि आर्चेस ही तिन्ही ठिकाणे बसवली आहेत. सौभाग्यवतींना गुडघेदुखीचा त्रास आहे. हा बेत झेपेल का? मधूनमधून मी गाडी चालवून मुलाला विश्रांती द्यावी का?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : आपल्या चिरंजीवांचा उत्साह मला समजतो, परंतु हा बेत कृपया बदलावा. ब्राइसहून मॉन्युमेंट व्हॅलीपर्यंत साधारण पाच तास आणि तेथून आर्चेसपर्यंत आणखी तीन तास लागतात. ऑक्टोबरच्या आरंभी त्या भागात सकाळी साडेसातच्या सुमारास उजाडते आणि संध्याकाळी सातच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे हाती साडेअकरा तासांचा उजेड येतो. त्यातील आठ तास गाडीत गेले, तर तीन जगप्रसिद्ध ठिकाणांसाठी मिळून साडेतीन तास उरतात आणि त्यातच जेवण, पेट्रोल व प्रसाधनगृहाच्या थांब्यांचा वेळ धरावा लागतो. अशा प्रवासाचा बेत मी नेहमी अंतरावरून न ठरवता उजेडाच्या तासांवरून ठरवतो, कारण या मुलखात जे पाहायचे आहे ते सारे रंगांचे आहे आणि अंधारात ते हाती लागत नाही.

त्याऐवजी एकच रस्ता धरावा, असे मी सुचवेन. पॅंग्विच गावाच्या दक्षिणेस सुरू होऊन टोरी या गावी संपणारा युटाचा हायवे 12 सुमारे 200 किलोमीटरचा आहे. न थांबता गेल्यास तीन तासांत तो संपतो, म्हणजे थांबण्यासाठी आपल्याकडे अख्खा दिवस राहतो. अमेरिकन शासनाने 2002 मध्ये या रस्त्याला ‘ऑल-अमेरिकन रोड’ हा निसर्गरम्य मार्गांचा सर्वोच्च दर्जा दिला. पहिली रात्र पॅंग्विचला आणि दुसरी टोरीला काढावी. सॉल्ट लेक सिटीहून दोन्ही गावे साडेतीन ते चार तासांवर आहेत, त्यामुळे जाताना एका वाटेने आणि येताना दुसऱ्या वाटेने, असा वळसाही सहज पुरा होतो.

हाच रस्ता सुचवण्यामागे माझे खरे कारण वेगळे आहे. नाशिकच्या माणसाला डोंगरातील आडवे थर नवे नाहीत. ब्रह्मगिरी, अंजनेरी किंवा सप्तशृंगीच्या कड्यांवर आपण जे पट्टे पाहत आलो, ते सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हारसाचे आहेत. युटातील थर दिसायला तसेच आडवे असले, तरी ते तळ्यांच्या गाळाचे, समुद्रकाठच्या चिखलाचे आणि वाळवंटातील वाळूचे आहेत. हायवे 12 वरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना हे थर बहुतेक वेळ वयाच्या उलट क्रमाने समोर येतात. सकाळी आपल्या ब्रह्मगिरीपेक्षाही तरुण असलेला खडक दिसतो आणि संध्याकाळी त्याच्या तिपटीहून अधिक वयाचा. ठिकाणांची धावती यादी केली की ही संगती तुटते. सबंध दिवस एकाच रस्त्यावर राहिल्यास ती डोळ्यांसमोर उलगडत जाते आणि भूगर्भशास्त्र न शिकलेल्या माणसालाही कळते.

पहाटे सव्वासहाला पॅंग्विच सोडावे. रेड कॅन्यनमध्ये लाल खडकातून कोरलेल्या दोन छोट्या बोगद्यांतून रस्ता जातो, पण तेव्हा पुरेसे उजाडलेले नसेल, म्हणून तेथे न थांबता सूर्योदयापूर्वी ब्राइस पॉइंट गाठावा. ब्राइसला कॅन्यन म्हणत असले, तरी ती नदीने कापलेली दरी नाही. पठाराच्या कडेला पडलेली ती अर्धवर्तुळाकार खिंडारे आहेत आणि त्यांत हजारो सुळके उभे आहेत. या सुळक्यांना तेथे हूडू म्हणतात. वर्षातून शंभराहून अधिक रात्री भेगांतील पाणी गोठते, फुगते आणि दिवसा वितळते. खडक फुटत राहतो तो या रोजच्या ताणामुळे. सुळक्यांचा हा खडक सुमारे चार-पाच कोटी वर्षांपूर्वीच्या तळ्यांत साचलेल्या गाळाचा आहे. पूर्वेकडून आलेले पहिले किरण सुळक्यांच्या आरपार गेल्यासारखे वाटतात आणि खडक आतून पेटल्यासारखा दिसतो. मी स्वतः हे दृश्य पाहिले तेव्हा कॅमेरा खाली ठेवला होता आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप होत नाही.

सौभाग्यवतींसाठी सनराइज पॉइंट ते सनसेट पॉइंट ही कड्याच्या काठची वाट योग्य आहे. ती फरसबंद, जवळजवळ सपाट आणि एक किलोमीटरपेक्षा कमी लांबीची आहे. खाली सुळक्यांमध्ये उतरणाऱ्या वाटा मोहात पाडतात, पण परतीची चढण गुडघ्यांना सोसणार नाही. हा काठ सुमारे अडीच हजार मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या 1,646 मीटरच्या कळसूबाईच्या कितीतरी वर. त्यामुळे चार पावलांत धाप लागली तर घाबरू नये, सावकाश चालावे. ऑक्टोबरच्या पहाटे तेथील तापमान शून्याच्या आसपास असते. वाळवंट म्हणून सुती कपड्यांवर गेलेल्या माणसाची फार आबाळ होते. कानटोपी, हातमोजे आणि जाड जाकीट गाडीत वर, हाताशी ठेवावे.

साडेनऊ-दहाला ब्राइस सोडून ट्रॉपिक गावात नाश्ता करावा. पुढे कॅननव्हिल आणि हेन्रीव्हिल ही छोटी गावे येतात, तेथे फारसे रेंगाळू नये. त्यानंतर राखाडी-निळसर मातकट टेकड्यांचा एक प्रदेश लागतो, त्याला ‘द ब्लूज’ म्हणतात. लाल रंगाची सवय झालेल्या डोळ्यांना तो रुक्ष वाटतो आणि बहुतेक गाड्या तेथे थांबत नाहीत. आपण मात्र पाच मिनिटे थांबावे, कारण हे थर साधारण साडेसात कोटी वर्षांपूर्वीचे, डायनोसॉरांच्या काळातले आहेत. येथपासून पुढे आपण नाशिकच्या काळ्या कातळाहून जुन्या खडकात प्रवेश करतो.

एस्कलांटे गावात दुपारचे जेवण उरकावे आणि टाकी पूर्ण भरून घ्यावी. पुढे बोल्डर या लहानशा वस्तीखेरीज टोरीपर्यंत पेट्रोलचा भरवसा धरू नये. मोबाइलला अनेक ठिकाणी रेंज नसते, म्हणून नकाशे आदल्या रात्रीच उतरवून घ्यावेत आणि एक कागदी नकाशाही जवळ असावा.

एस्कलांटे ते बोल्डर हा सुमारे पंचेचाळीस किलोमीटरचा टप्पा या दिवसाचा गाभा आहे आणि त्यासाठी मी दोन तास राखून ठेवेन. गाव सोडल्यावर काही वेळाने ‘हेड ऑफ द रॉक्स’ हा थांबा येतो. तेथून क्षितिजापर्यंत फिकट पिवळसर, पांढरट उघड्या कातळाच्या लाटा पसरलेल्या दिसतात. हा नवाहो वालुकाश्म आहे. सुमारे अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वीच्या एका अफाट वाळवंटातील टेकड्या जागीच दगड झालेल्या आहेत आणि वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या तिरप्या रेघा अजूनही त्यात स्पष्ट दिसतात. पुढे रस्ता एस्कलांटे नदीपर्यंत उतरतो आणि काफ क्रीकच्या काठाने जातो. तेथील 126 फूट उंचीच्या धबधब्यापर्यंतची वाट जाऊन-येऊन सुमारे दहा किलोमीटरची आणि बरीचशी वाळूतून आहे, म्हणून ती या वेळी सोडावी. ओढ्याकाठी झाडांच्या सावलीत पाय मोकळे करावेत, तेवढे पुरे.

त्यानंतर ‘हॉगबॅक’ येतो. डोंगराच्या अरुंद धारेवरून रस्ता जातो, दोन्ही बाजूंना खोल दऱ्या आहेत आणि मोठ्या भागावर कठडा नाही. गाडी चालवण्याबद्दलच्या आपल्या प्रश्नाचे उत्तर मी येथे देतो. नाशिकच्या आरटीओ कार्यालयातून एक वर्ष मुदतीचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मिळतो आणि तो जरूर घ्यावा. तरीही जन्मभर रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवलेल्या माणसाने उजव्या बाजूची पहिली ओळख या धारेवर करून घेऊ नये. कसारा घाटाचा अनुभव येथे उपयोगी पडत नाही, उलट संकटाच्या क्षणी हात जुन्या सवयीने वळतात. मुलाला विश्रांती द्यायची असेल तर थांबे वाढवावेत. उतारावर सतत ब्रेक न दाबता खालचा गिअर वापरावा, एवढे त्याला आठवणीने सांगावे.

बोल्डर हे गाव इतके दुर्गम होते की, पक्का रस्ता होईपर्यंत त्याचे टपाल खेचरांच्या पाठीवरून येत असे. तेथील अनासाझी संग्रहालयात सुमारे आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या मूळ रहिवाशांच्या वस्तीचे अवशेष आहेत. अर्ध्या तासात ते पाहून होते आणि चालणेही फारसे नाही. मग रस्ता बोल्डर माउंटनवर सुमारे 2,900 मीटरपर्यंत चढतो. हा भाग 1985 मध्ये डांबरी झाला. ऑक्टोबरच्या आरंभी येथील ॲस्पेनची झाडे सोनेरी पिवळी झालेली असतात आणि उजव्या हाताच्या थांब्यांवरून पूर्वेकडे वॉटरपॉकेट फोल्ड ही सुमारे 160 किलोमीटर लांबीची, घडी पडल्यासारखी वाकलेली खडकांची रांग दिसते. हा डोंगर कोणत्याही परिस्थितीत अंधारापूर्वी उतरावा. मोकळी चरणारी गुरे आणि हरणे तिन्हीसांजेला रस्त्यावर येतात. एकदा मी एस्कलांटेत उशीर केला आणि काळोखात हा डोंगर ओलांडला. दर वळणावर जीव मुठीत होता आणि पूर्वेचा तो सारा देखावा हुकला, म्हणून हे आग्रहाने लिहीत आहे.

पाचच्या आत टोरी ओलांडून थेट कॅपिटल रीफ या राष्ट्रीय उद्यानातील फ्रुटा येथे जावे. 1880 च्या दशकात मॉर्मन वसाहतकारांनी नदीकाठी लावलेल्या सफरचंद, पीच आणि जर्दाळूच्या बागा राष्ट्रीय उद्यानाने आजही जोपासल्या आहेत. लाल कड्यांच्या पायथ्याशी ओळीने उभी असलेली फळझाडे पाहून द्राक्षबागांच्या जिल्ह्यातील माणसाला वेगळाच आनंद होईल. जवळच फ्रिमाँट या प्राचीन मूळ रहिवाशांनी खडकावर कोरलेली चित्रे लाकडी फलाटावरून पाहता येतात. येथील सर्वांत खालचे तपकिरी-तांबडे थर सुमारे चोवीस कोटी वर्षांचे आहेत. सूर्यास्तासाठी टोरीकडे परतताना पॅनोरमा पॉइंटवर थांबावे, तेथे गाडीपासून अगदी थोडेच चालावे लागते.

पाण्याविषयी हयगय करू नये. हवा इतकी कोरडी असते की घाम जाणवण्यापूर्वीच उडून जातो, म्हणून माणशी चार लिटर पाणी गाडीत असावे. दशम्या, चटणी, चिवडा असे टिकाऊ खाणे सोबत असल्यास शाकाहारी माणसाची चिंता मिटते. काही राष्ट्रीय उद्यानांत 2026 पासून परदेशी पाहुण्यांसाठी वेगळे, अधिक शुल्क आहे. ते आणि पासचे दर मुलाने निघण्यापूर्वी पाहून तिघांसाठी काय स्वस्त पडते याचा हिशेब करावा.

प्रश्न : मी सांदण दरी दोनदा उतरलो आहे. एस्कलांटेजवळ तशाच अरुंद घळी आहेत असे वाचले. जुलैमध्ये कामानिमित्त तिकडे असताना एका दिवसात त्या पाहता येतील का?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : जुलैत जाऊ नये. तेथे जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दुपारी वादळी पाऊस होतो आणि उघडा वालुकाश्म पाणी शोषत नाही, त्यामुळे सारे पाणी घळीत लोटते. डोक्यावर निरभ्र आकाश असतानाही लोंढा येऊ शकतो. ॲरिझोनातील अँटेलोप कॅन्यनमध्ये 12 ऑगस्ट 1997 रोजी कित्येक मैल दूर पडलेल्या पावसाच्या पाण्याने 11 पर्यटकांचा बळी घेतला. पावसाळ्यात सांदणमध्ये आपण उतरत नाही, तोच नियम तेथेही पाळावा. शिवाय पीकाबू आणि स्पूकी या घळींसाठी होल-इन-द-रॉक या कच्च्या रस्त्याने सुमारे चाळीस किलोमीटर आत जावे लागते. पावसानंतर तेथील चिकणमातीत गाडी हमखास रुतते. स्पूकीची रुंदी काही ठिकाणी जेमतेम 25 सेंटीमीटर आहे, तेव्हा पाठपिशवी काढून हातात धरावी लागेल. दौरा ऑक्टोबरात ढकलता आला, तर या घळींसाठी स्वतंत्र दिवस ठेवावा आणि सकाळी हवामानाचा अंदाज पाहूनच आत शिरावे. वाटेतील वाळूवर काळपट, खरखरीत पापुद्रा दिसला तर त्यावर पाय देऊ नये. ती सूक्ष्मजीवांनी बांधलेली जिवंत माती असते आणि एका पावलाने मोडली तर भरून यायला अनेक वर्षे लागतात.

प्रश्न : मी शाळेत भूगोल शिकवते. माझी बहीण याच भागात जात आहे. वर्गासाठी तिने लाल वालुकाश्माचे दोन-तीन तुकडे आणले तर चालेल का?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : चालणार नाही. राष्ट्रीय उद्यानातून दगड, फुले किंवा कोणतीही नैसर्गिक वस्तू उचलणे तेथील कायद्याने गुन्हा आहे. बहिणीला प्रत्येक थांब्यावर खडकाचे जवळून एक आणि दुरून एक छायाचित्र घ्यायला सांगावे. जवळच्या छायाचित्रात मापासाठी आपले दहा रुपयांचे नाणे ठेवावे आणि ते परत उचलून घ्यावे. फ्रुटाच्या परिसरात लाल मातीवर काळे, गोलसर धोंडे विखुरलेले दिसतील, त्यांचे छायाचित्र मात्र चुकवू नये. बोल्डर माउंटनच्या माथ्यावरील लाव्हाच्या थरांचे ते तुकडे आहेत आणि पाण्याने व दरडींनी वाहून खाली आलेले आहेत. ते आपल्या दख्खनच्या कातळाहून वयाने बरेच लहान आहेत, पण जन्म दोघांचाही लाव्हातून झालेला आहे. वर्गात ते छायाचित्र दाखवताना शेजारी गोदावरीच्या पात्रातील एक काळा गोटा ठेवावा. तो मुलांना हातात घेऊन पाहता येईल.