मालिका आणि गाणे : नागपुरातून सुरुवात करताना

मालिकेसाठी गाणे सोडावे का, या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणे शिकलेले डॉ. वसंतराव देशपांडे गायक म्हणून मोठे झाले आणि नट म्हणूनही.

मुंबई गाठण्याआधी राज्य नाट्य स्पर्धेच्या नागपूर केंद्रावर दोन-तीन वर्षे काम करा, कारण मालिकेत संवाद अनेकदा ऐनवेळी हाती येतात, तालमीला वेळ नसतो आणि शिकायचे ते आधीच शिकून जावे लागते. ‘करून राहिलो’ म्हणणारी आपली बोली मुळीच विसरू नका (तिच्यामुळे भूमिकाही मिळतात), पण प्रमाण मराठीही तितक्याच सहजतेने बोलता आली पाहिजे.

नवोदितांच्या चुका बहुधा त्याच असतात:

- काम देण्यासाठी कोणी पैसे मागितले, तर तिथून निघा; असे पैसे मीही एकदा गमावले आहेत.
- मानधन साधारणतः ९० दिवसांनी हाती येते, तेव्हा किमान सहा महिन्यांचा खर्च जवळ ठेवा.
- चित्रीकरण दिवसाला बारा तास चालते आणि रियाज सुटतो, म्हणून पहाटेचा अर्धा तास तंबोऱ्यासाठी राखा.

कराराचे बारकावे पहिली भूमिका मिळाल्यावर पाहू.