करिअर मार्गदर्शन : रविवार वस्तीत घालवला तर नोकरी मिळेल का?

प्रश्न : माझी मुलगी बीपीटीच्या, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीच्या, तिसऱ्या वर्षाला आहे. दर रविवारी कॉलेजच्या सरांबरोबर तुर्भे स्टोअरच्या वस्तीत म्हाताऱ्या माणसांचे व्यायाम घ्यायला जाते. त्याचे ना पैसे मिळतात, ना मार्क. त्यापेक्षा एखाद्या क्लिनिकमध्ये मशीन शिकली तर नोकरी लवकर लागेल ना? मिस्टर वाशी मार्केटला माथाडी आहेत, फी भरताना जीव मेटाकुटीला येतो.
– एक आई, कोपरखैरणे

ताई, फीची ओढाताण समजते. तरीही तिचा रविवार बंद करू नका.

मशीन लावणं थोड्या दिवसांत हाताला बसतं. पेशंट घरी गेल्यावर काय करू शकेल, हे ओळखायला मात्र वेळ लागतो. अर्धांगवायू झालेले आजोबा ओपीडीत दांडी धरून छान चालतात. घरी मात्र उंबरा, ओली मोरी, उकिडवं बसायचा संडास आणि झोपायला जमिनीवर अंथरूण. 'पलंगाच्या कडेला बसून व्यायाम करा' हा सल्ला तिथे काय कामाचा? ती मोरी पाहिलेली मुलगी आधी जमिनीवरून उठायला शिकवेल.

एक साधी चाचणी आहे. खुर्चीवरून उठायचं, 3 मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. पुस्तकातली ही ओळ पाच मिनिटांत पाठ होते. पण वळताना आजी थबकली ती गुडघ्यामुळे, चक्कर आली म्हणून, नीट दिसलं नाही म्हणून की पडायच्या धास्तीनं, हे पुष्कळ आज्यांबरोबर चालल्यावरच कळायला लागतं.

तुमच्या घरातलंच बघा. मिस्टरांची पाठ धरली आणि कोणी सांगितलं, 'महिनाभर ओझं उचलू नका', तर चूल कशी पेटणार? तुमची मुलगी आधी विचारेल : गोणी किती किलोची, डोक्यावर घेता की पाठीवर, दिवसाला किती खेपा? हे प्रश्न विचारता येणं हीच तिची कमाई आहे, आणि ती तुमच्या घरातून आली आहे.

मार्कांचं म्हणाल, तर चौथ्या वर्षाला सामुदायिक फिजिओथेरपी हा विषयच आहे.

मात्र सर प्रत्येक वेळी हजर असतात का, हे नक्की विचारा. शिकणाऱ्या मुलीनं एकटीनं उपचार करू नयेत. पाठदुखीबरोबर पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. तो निर्णय अनुभवी माणसाचा. दुसरं, त्याच घरांत पुन्हा पुन्हा जाणं होतं का? शंभर माणसांच्या एकदिवसीय शिबिरापेक्षा तीन महिने तीच चार घरं मला जास्त मोलाची वाटतात, कारण आपण सांगितलेला व्यायाम लोक का सोडतात ते तिथेच दिसतं. तिला वही ठेवायला सांगा : काय सांगितलं, काय झालं, काय बदललं. पेशंटचं नाव न घेता यातली एक केस मुलाखतीत नीट मांडता आली, तर समोरचा कान देऊन ऐकतो.

क्लिनिकचा अनुभवही हवाच. दिवाळीच्या सुटीत तिला तिकडे पाठवा, आणि परीक्षेच्या महिन्यात वस्तीला सुटी. बाकीचे रविवार तिचे तिला राहू द्या.