बास्केटबॉलमध्ये गार्ड, म्हणजे बॉल पुढं नेऊन खेळ लावणारा, व्हायचंय म्हणतोस तर हे वाच

उंची पाच फूट सहावर अडकली म्हणून गेम सोडू का असं विचारलंस, तर ते आधी डोक्यातनं काढ. मगसी बोग्स पाच फूट तीन इंचाचा होता आणि एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये, 14 सीझन खेळला. आता तो अपवाद आहे हे मला पण कळतंय, लगेच उड्या मारू नकोस. पण तुझी अडचण उंची नाहीच रे, डावा हात आहे.

तुझा व्हिडिओ बघितला. उजव्या हातानं भारी पळतोस, पण समोरच्यानं डावीकडं दाबलं की पाठ करून बॉल आपटत उभा राहतोस. अर्धं कोर्ट ओलांडायला 8 सेकंद असतात ते पुरते खाऊन टाकतोस, मग बास्केटवर बॉल टाकायला जे 24 सेकंद असतात त्यातले उरले किती आणि प्ले लावायचा कधी, सेंटर, म्हणजे बास्केटजवळ थांबणारा उंच खेळाडू, बिचारा हात वर करून तसाच उभा. रोज डाव्या हातानं भिंतीवर पास मार, लेअप, म्हणजे पळत जाऊन बास्केटजवळनं बॉल टाकायचं, ते कर, घरी शेंगा चटणी-भाकरी पण डाव्या हातानं खा, आई ओरडली तर माझं नाव सांग.

आणि रील्स बघायचं कमी कर. एनबीएतला जुना गार्ड जॉन स्टॉकटन, त्याच्या मॅचेस शोध. 1984 ला ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात तिथं, 16 व्या नंबरवर निवडला गेला, 19 सीझन एकट्या युटा जॅझकडून, 15,806 असिस्ट, म्हणजे ज्यावर लगेच बास्केट होतं असे पास, अजून कुणी जवळपास पोचलं नाही. चॅम्पियनशिप एकही नाही त्याच्याकडं, तरी मी त्याचंच नाव घेणार. बघायला कंटाळा येईल तुला, डंक नाही काही नाही. त्याच्याच टीमचा कार्ल मलोन येऊन स्क्रीन लावतो, म्हणजे डिफेंडरच्या वाटेत आडवा उभा राहतो, हा त्याच्या खांद्याला घासून निघतो, दोन डिफेंडरपैकी कोण आधी चुकतोय ते बघतो आणि पास. आता हा पास सुटताना मलोन रिकामा नसतो, तिथं पोचणार असतो. तू टीममधला पोरगा रिकामा झालेला दिसल्यावर पास देतोस, तोपर्यंत डिफेंडर परत आलेला असतो. सगळा फरक तिथं आहे.

पायांचं पण बघ. आयझया थॉमस पाच नऊचा, 2011 च्या ड्राफ्टमध्ये शेवटचा म्हणजे 60 वा, 2016-17 ला बोस्टनकडून मॅचला 28.9 पॉइंट काढले, आणि मग कमरेच्या सांध्यानं घात केला, तो पूर्वीचा झालाच नाही. छोट्या गार्डचं सगळं भांडवल पायात असतं. सोलापुरात मेमध्ये पारा 43 च्या वर जातो आणि तुम्ही पोरं भर उन्हात सिमेंटच्या कोर्टवर उड्या मारता, हा काय शहाणपणा बे? सकाळी लवकर खेळा. घोटा दुखत असेल तर पट्टी बांधून खेळायचं नाही, बसायचं, मॅच गेली तर जाऊ दे.

पैशाचं स्पष्ट सांगतो. आपल्याकडं नुसत्या लीगवर घर चालत नाही. विशेष भृगुवंशी घे, बनारसचा गार्ड, इंडियाचा कॅप्टन राहिलेला, 2017 ला ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या टीमबरोबर करार झाला, 2020 ला अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि नोकरी ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीत. इथला चांगला खेळाडू असाच टिकतो, रेल्वे, सर्व्हिसेस म्हणजे सैन्यदलं, नाहीतर ओएनजीसी. राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण पण आहे, पण तिथं सर्टिफिकेटची पडताळणी होते, तेव्हा प्रत्येक स्पर्धेचं ओरिजिनल प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून कपाटात ठेव, बॅगेत बुटाखाली नाही. बाबा ग्रॅज्युएशन पूर्ण कर म्हणतात ते बरोबरच आहे, त्यांच्याशी भांडू नकोस. युनिव्हर्सिटीच्या टीममधनं खेळायला कॉलेजला ॲडमिशन लागतंच की.

पुढचा व्हिडिओ अख्ख्या मॅचचा पाठव, नुसते तुझे बास्केट नकोत. आणि मोबाईल धरणाऱ्याला सांग, उंचावरनं शूट कर, तुझ्या मागं मागं कॅमेरा फिरवू नको. तुझ्या हातात बॉल असताना बाकीचे चौघं कुठं होते ते मला बघायचंय.