पावागड पायी, आणि मित्राचा गुडघा

प्रश्न : आम्ही पाच मित्र, सगळे बडोद्याच्या दांडिया बाजारातले, येत्या रविवारी पावागडचा डोंगर चालत चढायचं म्हणतोय, रोपवे नाही. पण एकाचा गुडघा कुरकुरतो. त्याला घरी ठेवावं का?

उत्तर : अहो घरी कशाला, येऊ दे की त्याला! गुडघा खरा बोलतो तो उतरताना, चढताना फक्त दम लागतो. त्यामुळे त्याला तुमच्याबरोबर चढू दे आणि येताना रोपवेने माचीला, म्हणजे डोंगराच्या मधल्या सपाटीवर, उतरू दे, तिथून खाली पायथ्याच्या चांपानेरला गाडी मिळते.

बडोद्याहून साधारण पन्नास किलोमीटर, म्हणून पहाटे पाचलाच निघा, सेव उसळ परतताना खा, आधी खाल्लीत तर पहिल्याच दरवाजापाशी पश्चात्ताप होईल. चांपानेरच्या बाजूने जुन्या वाटेने चढा, दरवाजे, तटबंदी बघत बघत. २००४ पासून हा सगळा परिसर युनेस्कोच्या यादीत आहे, तरी बरेचजण गाडीने थेट माची गाठतात, कमाल आहे. वर दुधिया तलावाजवळ जरा बसा, मग कालिका मातेच्या पायऱ्या.

पाणी माणशी दोन लिटर. आणि पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका, माकडं सराईत आहेत. आमच्या ठेपल्यांचा अख्खा डबा एकाने माझ्या डोळ्यांदेखत उघडला, लोणचं मात्र हुंगून बाजूला ठेवलं. नवरात्रात चुकूनही जाऊ नका, मुंगीलाही जागा नसते.