ट्रायलमध्ये खर्चाचा हिशोब पहिल्या दिवसापासून

भाऊ, नंदुरबारच्या सिकलसेल रुग्णांवर ट्रायल करतोयस, चांगलंय. पण ‘खर्चाचं नंतर बघू’ हे प्रोटोकॉलमधून, म्हणजे ट्रायलच्या लेखी आराखड्यातून, काढ. रुग्ण घरी गेल्यावर मागचा खर्च कुणालाच आठवत नाही.

आधी ठरव, खर्च कोणाच्या बाजूने मोजायचा. फक्त सरकारी दवाखान्याचा धरलास तर धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून येणाऱ्याचं जीपभाडं, सोबत्याचा बुडालेला रोज, सगळं गायब. प्रत्येक रुग्णाची माहिती भरतोस त्या केस रेकॉर्ड फॉर्ममध्येच ते रकाने घाल आणि प्रत्येक भेटीत विचार. तेही नीट विचार. वेचणीच्या दिवसांत कापसाची मजुरी किलोवर मिळते, ‘रोज किती?’ म्हणून काय उत्तर येणार? ‘किती किलो वेचला असता’ असं विचार.

केसपेपरची फी म्हणजे उपचाराचा खर्च नव्हे, खाटेचा आणि नर्सच्या वेळेचा हिशोब वेगळा काढावा लागतो. ट्रायलपुरत्या केलेल्या जादा तपासण्या मात्र त्यात धरू नकोस, नेहमीच्या उपचारात त्या नसतात.

जीवनमानासाठी ईक्यू-५डी-५एल ही प्रश्नावली घे; मराठीत आहे, तिच्या उत्तरांचे गुण काढायचा भारतीय मूल्यसंचही २०२२ मध्ये प्रसिद्ध झालाय. पहिली नोंद रँडमायझेशनच्या, म्हणजे कोणाला कोणता उपचार याची चिठ्ठी काढण्याच्या, आधी; नाहीतर पुढचे क्वाली (जगलेली वर्षं गुणिले जीवनमानाचे गुण) लंगडे. पावरी-भिली बोलणाऱ्यांसमोर कागद धरून मात्र भागणार नाही, त्यांच्या बोलीतला माणूस शोध.

आणि हेल्थ इकॉनॉमिस्टला आत्ताच फोन लाव. एथिक्स कमिटीची मंजुरी आल्यावर फॉर्म बदलायचा म्हणजे परत अमेंडमेंटचे हेलपाटे.